अर्ध्या टिकलीचा पोचा

माझ्या ताईच्या घरी भाजी भावोजी चिरतात. ताई आळशी आहे म्हणून नव्हे. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कापडाचे चाळीस-चाळीस थर एका दमात कापते, आणि घरात पाऊल टाकलं की काहीही कापायचं नाही हा तिचा नियम आहे. "दिवसभर कापतेच की," ती म्हणते, "घरी तरी जोडू द्या."

जोडते काय, तर मुलं खेळतात ते प्लॅस्टिकचे ठोकळे. वर गोल उंचवटे असलेले, एकावर एक दाबले की टक् करून बसणारे. त्या उंचवट्यांना ताई टिकल्या म्हणते. त्या ठोकळ्यांची ती वाहनं बनवते, आणि ती इतकी हुबेहूब असतात की बघणाऱ्याला गाडीच नाही, गाडीचा मालकही ओळखू येतो. ठोकळा कापायचा नाही, रंगवायचा नाही, चिकटवायचा नाही. आहे त्यातूनच बसवायचं. नाही बसलं तर उसवायचं आणि पुन्हा बसवायचं. उसवायचं हा तिचाच शब्द.

याची सुरुवात माझ्या लेकीमुळे झाली. ती सहा वर्षांची असताना तिला कोणीतरी अग्निशमन बंबाचा खोका भेट दिला होता. आम्ही बापलेकीनं पुस्तिकेत दाखवलं तसा तासाभरात बंब उभा केला आणि स्वतःवर खूश झालो. तेवढ्यात ताई आली. तिनं बंब उचलला आणि आधी उलटा करून पाहिला. कुठल्याही शिवणीची उलटी बाजू आधी बघायची तिला सवय आहे.

"ह्याला नळी कुठंय?" तिनं विचारलं. "आग लागली तर पाणी काय ओंजळीनं मारणार?"

एका दिवसासाठी म्हणून तिनं बंब नेला आणि तीन आठवड्यांनी परत आणला. आता त्याची दारं उघडत होती, शिडी तीन टप्प्यांत लांबत होती, आत नळी गुंडाळायचं चाक होतं, आणि पुढची चाकं वळत होती. लेकीनं तो एकदा ढकलून पाहिला आणि बाजूला ठेवला. "आत्यानं त्याला खरं करून टाकलं," ती म्हणाली, "आता पाडता येत नाही." ताईनं ही तक्रार प्रशस्तिपत्रासारखी स्वीकारली, बंब पुन्हा काखेत मारला आणि घरी नेला. तो आजतागायत परत आलेला नाही. याला सात वर्षं झाली.

आता तिच्या घरी शिवणयंत्राच्या खोलीत छपन्न खण आहेत. पूर्वी तिथं बटणं असायची, आता रंगाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे लावलेले ठोकळे आहेत. बाजारातून नवा खोका आणला की ती पुस्तिका एकदा चाळते, "हं, असं त्यांना वाटतं," म्हणते आणि शिवणयंत्राच्या डुगडुगत्या पायाखाली सारते. त्या यंत्राचा एक पाय आता इतका उंच झालाय की शिवताना कापड आपोआप डावीकडे घसरतं. जमिनीवर सांडलेले ठोकळे शोधायचं काम भावोजींच्या तळपायांकडे असतं. ते अंधारात पाणी प्यायला उठतात, मध्येच एका पायावर दोन उड्या मारतात, ठोकळा उचलून योग्य खणात टाकतात आणि झोपायला जातात. इतका सोशिक माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गल्लीतल्या लोकांना मात्र ताईच्या छंदाचा धसका आहे. खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी मोठ्या हौसेनं आपल्या गाडीचं मॉडेल बघायला मागितलं. मॉडेलमध्ये डावा वायपर वाकडा, आणि डिकीचं झाकण एका बाजूनं जरासं वर. डॉक्टर कसनुसं हसले आणि दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला देऊन आले. मग ताईनंही मॉडेलचा वायपर सरळ केला. "मी कुणाची बदनामी करत नाही," ती म्हणाली, "त्यांनी सुधारलं, मीही सुधारलं."

माझी गत याहून वाईट. मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकाऊ लोक चालवतात ती गाडी म्हणजे सोसणारं जनावर असतं, हे समजून घ्यायला हवं. ताईनं तिचं मॉडेल केलं, त्यात शिकवणाऱ्याच्या बाजूचा जादा ब्रेक होता, छतावरची तिरकी पाटी होती आणि अकरा पोचे होते. मी म्हटलं, दहा आहेत. आम्ही खाली जाऊन मोजले. अकरा होते. अकरावा कुणी पाडला हे मला आजही माहीत नाही, पण त्या दिवशी गल्लीतल्या सहा जणांनी तो माझ्याबरोबर वाकून बघितला.

पोचा ठोकळ्यांत कसा दाखवायचा ही ताईची खास कला आहे. ठोकळा तर कापायचा नाही. मग ती आत इवली बिजागरी बसवते आणि तेवढाच तुकडा अर्धी टिकली आत ढकलते. लांबून काही कळत नाही. बोट फिरवलं की कळतं.

आता भावोजींविषयी. भावोजी शहराच्या बससेवेत ड्रायव्हर. एकतीस वर्षं नोकरी, आणि एकतीस वर्षांत बसला एक ओरखडा नाही. शेवटची बारा वर्षं तर एकच बस, चव्वेचाळीस नंबरची. निळी, वरून मलई रंगाची. आमच्या डेपोत, म्हणजे त्यांच्या डेपोत, पण ताईच्या लग्नापासून मी इतक्या वेळा गेलोय की आमच्याच, तर तिथं असा रिवाज आहे: ज्यानं तीस वर्षं एकही ओरखडा न पाडता काढली त्याला निवृत्तीच्या दिवशी पितळी बिल्ला मिळतो. आजवर फक्त दोघांना मिळाला होता. तिसरे भावोजी होणार होते. ते स्वतः त्याबद्दल अवाक्षर काढत नसत, पण पितळ चकचकीत करायची बाटली त्यांनी वर्षभर आधीच आणून ठेवली होती, आणि पितळेची दुसरी कुठलीही वस्तू त्यांच्या घरात नव्हती.

या बिल्ल्यात एक खोट होती. ती तीन माणसांना ठाऊक होती: भावोजींना, डेपोतल्या पत्रेवाल्याला आणि मला. मला अंमळ जास्तच, कारण ती खोट मीच.

नऊ वर्षांपूर्वी मी ड्रायव्हिंग स्कूल काढणार होतो आणि डोक्यात हवा गेली होती. बस एकदा चालवून बघायची म्हणून भावोजींच्या मागे लागलो. ताईनं त्यांना बजावलं होतं, "धाकट्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही." (धाकट्या म्हणजे मी, आज वय वर्षं अठ्ठेचाळीस.) तिच्या या मताला आधार होता, मी वडिलांची स्कूटर शेजाऱ्यांच्या पायऱ्यांवर चढवली होती, चारही पायऱ्या. पण भावोजींना नाही म्हणता येत नाही. सुट्टीच्या दिवशी डेपो रिकामा होता. बस धुलाईच्या शेडमध्ये उभी होती. मी बसलो, गिअर टाकला, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि निघालो. मागून असा आवाज आला की जणू कुणी डब्यावर डबा आदळला. डावीकडचा मागचा कोपरा शेडच्या खांबावर बसला होता.

बाहेरच्या माणसाच्या हाती बस देणाऱ्याची नोकरी जाते, असा नियम आहे. भावोजींनी मला खाली उतरवलं, पत्रेवाल्याला घरून बोलावून आणलं, आणि संध्याकाळपर्यंत नवा पत्रा बसून, रंगून, वाळूनही झाला. मला ते एवढंच म्हणाले, "ताईला सांगू नकोस. ती तुला बोलेल." झाकली मूठ सव्वा लाखाची. मी ती नऊ वर्षं झाकून ठेवली, आणि त्याच जोरावर शहरातल्या चारशे लोकांना गाडी शिकवली.

आणि मग, निवृत्तीला दोन महिने असताना, डेपो मॅनेजर कोटाचं माप द्यायला ताईच्या कारखान्यात गेले. नियमाला इतके पक्के की अख्खा डेपो त्यांना फूटपट्टी साहेब म्हणतो. ताई छातीचं माप घेत असताना ते हात वर करून म्हणाले, "बाई, तुमच्या मिस्टरांना त्यांच्या बसचं मॉडेल भेट द्यावं म्हणतो. तुमच्या हातचं. त्यांना मात्र कळू द्यायचं नाही."

ताईनं त्याच संध्याकाळी मला फोन केला. "तुझ्या भावोजींच्या सुट्टीच्या दिवशी डेपोत ये. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं."

मी नाही कसं म्हणणार? गेलो. बस धुलाईच्या शेडमध्येच लावलेली, अगदी त्याच खांबाशेजारी. ताईच्या गळ्यात शिंप्याची टेप, कानाला खडू, हातात मापांची वही. तिनं बसची मापं घेतली ती माणसाची घेतात तशी. खांदा अडीच मीटर, उंची तीन, लांबी अकरा. एक टिकली म्हणजे सोळा सेंटिमीटर धरायचं, असं तिनं जागच्या जागी ठरवलं. धुलाईवाला पाइप हातात धरून बघत उभा राहिला.

"बसला कोट शिवताय का, बाई?"

"हो," ताई म्हणाली, "अंगासरसा."

मग ती रिव्हेट मोजायला लागली. बसच्या कडेला जे पत्रे असतात, त्यांच्या खालच्या कडेनं रिव्हेट, म्हणजे पत्रा घट्ट धरणारे गोल डोक्याचे खिळे, मारलेले असतात. ताई वाकून चालत होती आणि बोटानं मोजत होती. सात. सात. सात. सात. मी टेपचं टोक घट्ट धरून आभाळाकडे बघत होतो. मागच्या कोपऱ्याशी ती थांबली.

"इथं नऊ आहेत. खाली सात आणि वर कोपऱ्यात दोन जास्त."

"मोजण्यात चूक झाली असेल," मी म्हणालो.

हे मी बोलायला नको होतं. ताईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चाळीस थर कापताना जिचा धागा इकडचा तिकडे होत नाही, तिला मी मोजायला शिकवत होतो. ती बसमध्ये चढली, शेवटच्या सीटखाली टॉर्च घेऊन शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नवा पत्रा वरून बसवला होता, पण आतला लोखंडी अँगल वाकलेला तसाच राहिला होता. तिनं त्याची जमिनीपासून उंची घेतली, बासष्ट सेंटिमीटर. मग ती खांबापाशी गेली. खांबाची कड एका ठिकाणी उडालेली होती आणि तिथं निळा रंग अजून चिकटून होता. टेप लावली. बासष्ट. तिनं वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि माझ्याकडे बघून गोड हसली. ताई बोलते तोवर माणूस सुखरूप असतो. ती हसली की धाबं दणाणतं.

चार दिवसांनी पत्रेवाल्याचा मला फोन आला. डेपोच्या नव्या गणवेशांची मापं घ्यायला ताई तिथं गेली होती.

"कंबर घेता घेता तुमच्या ताईंनी विचारलं, चव्वेचाळीसचा मागचा पत्रा कधी बदललात," तो म्हणाला. "मी काही बोललो नाही."

"शाबास."

"फक्त श्वास रोखला. तर त्या म्हणाल्या, गेल्या वेळेपेक्षा कंबर दोन इंचांनी कमी भरली, पोटात काय धरून ठेवलंय?"

पुढे त्याची पँट खरोखरच दोन इंच घट्ट आली. ताईनं ती तशीच शिवून घेतली होती. ज्यानं जे माप दिलं त्याला ते मिळतं, असं तिचं म्हणणं.

निवृत्तीच्या आदल्या रविवारी दुपारी तिनं मला घरी बोलावलं. भावोजी ड्युटीवर होते. जेवणाच्या टेबलावर बस उभी होती, आणि मी क्षणभर सगळं विसरून बघत राहिलो. एकोणसत्तर टिकल्या लांब. घडीची दारं टिचकीनं मिटत होती. ड्रायव्हरच्या सीटवर भावोजींची ती चपटी झालेली उशीसुद्धा होती. छोटं स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळत होती. मागच्या डाव्या कोपऱ्यातला एक पत्रा मात्र नव्हता, तिथं भोक होतं. आणि त्या भोकाला खेटून ताईनं दोऱ्याचं रीळ उभं करून ठेवलं होतं.

"हा खांब," ती म्हणाली. "तू गाडी शिकवतोस ना? काढ बस बाहेर. उजवीकडे वळायचंय."

नऊ वर्षांत मी निदान एवढं तरी शिकलो होतो. मी बस आधी सरळ पुढे घेतली, खांब पूर्ण मागे पडू दिला आणि मग हळूच वळवली. रीळ जागचं हललं नाही.

"छान," ताई म्हणाली. तिनं बस उचलून पुन्हा रिळाशेजारी ठेवली. "आता नऊ वर्षांपूर्वी काढली होतीस तशी काढ."

मी हात मागे घेतला. ताईनं वाट पाहिली नाही. तिनं स्वतःच स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि बस ढकलली. पुढचं तोंड उजवीकडे गेलं, मागचं लांबलचक शेपूट डावीकडे फेकलं गेलं, आणि रीळ आडवं होऊन टेबलावरून खाली घरंगळत गेलं.

"मागच्या चाकांच्या मागं तीन मीटर बस आहे," ती म्हणाली. "बस चालवणारा माणूस झोपेतही ही चूक करणार नाही. ही चूक फक्त कार चालवणारा करतो. कारला शेपूट नसतं, त्याला वाटतं कुणालाच नसतं. तुझ्या भावोजींच्या ओळखीत असा एकच शहाणा आहे."

मी सगळं सांगितलं. पत्रेवाल्याला घरून आणलं तेसुद्धा सांगितलं. मला वाटलं आता ती फाडून खाणार. पण ती खुर्चीवर बसून राहिली आणि गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिली.

"तू लपवलंस त्याचं काही नाही," ती म्हणाली. "तू लहानपणापासून लपवतोस आणि सापडतोस. पण ह्यांनी मला नाही सांगितलं. नऊ वर्षं माझ्यासमोर बसून जेवले आणि नाही सांगितलं. ते मला लागलं."

मी खाली वाकून रीळ शोधलं. वर आलो तेव्हा तिनं टेबलावर दोन पत्रे ठेवले होते, दोन्ही ठोकळ्यांचे, दोन्ही त्या भोकाच्या मापाचे. एकावर सात रिव्हेट होते आणि तो अगदी सपाट होता. दुसऱ्यावर नऊ, आणि कोपऱ्यात, वाकलेल्या अँगलवरून मोजून काढलेला, अर्ध्या टिकलीचा पोचा.

"दोन्ही खोक्यात ठेवते," ती म्हणाली. "परवा बस तूच घेऊन ये डेपोत. कुठला बसवायचा ते तू ठरव."

"मी का?"

"बस तू ठोकलीस म्हणून. सात वर्षांत पहिल्यांदा खोटा पत्रा बनवला मी. पहिल्याच फटक्यात जमला, त्याचंच वाईट वाटतंय."

निवृत्तीच्या दिवशी मी खोका शेजारच्या सीटवर ठेवून, त्याला पट्टा लावून निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा झाकण उघडलं. मनाशी म्हणालो, एकतीस वर्षांच्या नोकरीत एक दुपार माझी होती, ती त्यांच्या माथी कशाला? बिल्ला त्यांचाच आहे. ताईनं मला ठरवायला सांगितलंय, म्हणजे तिचीही हरकत नाही. भित्र्या माणसाला सबबी किती भराभर सुचतात, ते सिग्नलला थांबल्याशिवाय कळत नाही. दिवा हिरवा व्हायच्या आत मी सपाट पत्रा टक् करून बसवला आणि पोच्याचा खिशात टाकला.

डेपोच्या कँटीनमध्ये शंभरेक माणसं होती, सगळी ताईनं कापलेल्या कपड्यांत. पत्रेवाला भिंतीला टेकून उभा होता, कारण त्या पँटमध्ये त्याला बसता येत नव्हतं. फूटपट्टी साहेबांनी कागदावरून भाषण वाचलं. "एकतीस वर्षं, आणि एकही ओरखडा नाही," असं म्हणून त्यांनी भावोजींच्या छातीवर बिल्ला लावला. टाळ्या खूप वेळ चालल्या. भावोजींचे कान लाल झाले होते. मग माइक त्यांच्या हातात दिला गेला आणि मी पुढे होऊन खोक्यातली बस टेबलावर ठेवली.

ते बघतच राहिले. मग वाकले. त्यांनी दारं मिटली, उघडली. उशी दिसली तेव्हा हसले. बोट हळूहळू कडेनं मागे नेत गेले, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यावर ते बोट थांबलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. त्यांनी मान वर करून पहिल्या रांगेत बसलेल्या ताईकडे पाहिलं. माइक हातात आहे हे ते विसरले होते.

"अगं, इथं नऊ हवेत," ते म्हणाले.

सगळ्या कँटीननं ते ऐकलं. फूटपट्टी साहेबांनी विचारलं, "काय नऊ?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, सुई ओवायला लागतो तेवढाच वेळ. मग ती उभी राहिली आणि शंभर माणसांसमोर म्हणाली, "माझी चूक झाली. मोजण्यात चुकले."

अठ्ठेचाळीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती माझ्यावर ओरडली असती, तिनं कान धरला असता, तर मी सहन केलं असतं. पण जिनं कधी एक रिव्हेट खोटा लावला नाही ती माझ्यासाठी स्वतःला चुकलेली म्हणवून घेत होती. मला इतकी लाज वाटली की पाय आपोआप पुढे गेले. मी खिशातून पत्रा काढला आणि भावोजींच्या हातातल्या माइकसमोर वाकून म्हणालो, "ती चुकलेली नाही. चुकीचा पत्रा मी लावला. आणि नऊ वर्षांपूर्वी ही बस शेडच्या खांबावर मी ठोकली. भावोजी खाली उभे होते."

फूटपट्टी साहेबांनी चष्मा काढला.

"बाहेरच्या माणसाच्या हाती बस दिलीत?"

"दिली," भावोजी म्हणाले.

"आणि लिहून दिलं नाहीत."

"नाही दिलं."

साहेब पुढे काही बोलायच्या आत भावोजींनीच छातीवरचा बिल्ला काढायला घेतला. पिन अडकली. ताई पुढे झाली, त्यांचा हात बाजूला करून म्हणाली, "ओढू नका, कापड फाटेल," आणि तिनं पिन अलगद सोडवली. बिल्ला साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली, मग भाषणाचा कागद उचलला आणि त्यातली एक ओळ पेनानं खोडली.

"बाकीचं भाषण तसंच राहील," ते म्हणाले. "ते खरं आहे."

भावोजींनी सपाट पत्रा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मग पोच्याचा पत्रा घेऊन कोपऱ्यात दाबला. टक्. त्यांनी अंगठा फिरवला.

"अर्धी टिकली?" त्यांनी ताईला विचारलं.

"अर्धीच."

"हो. तेवढाच होता."

मग ती दोघं त्या बसवर वाकली आणि शंभर माणसं आहेत हे विसरून गेली. आत सीटखालचा अँगलही वाकवलाय का, असं त्यांनी विचारलं. तिनं वाकवला होता. तो कसा दिसतो ते दाखवायला तिनं शेवटची सीट काढली.

घरी जाताना मी गाडी चालवत होतो, ताई शेजारी, भावोजी मागे बस मांडीवर घेऊन. पहिला चौक मागे पडला.

"मला का नाही सांगितलंत?" ताईनं पुढे बघतच विचारलं.

"तू धाकट्याला बोलली असतीस," भावोजी म्हणाले.

"बोललेच असते."

"म्हणून नाही सांगितलं."

"अहो, पण माझा भाऊ आहे तो. त्याला बोलायचा हक्क माझा आहे, तो तुम्ही नऊ वर्षं दाबून ठेवलात." तिचा आवाज जरा ओला झाला होता. तिनं पदरानं नाक पुसलं, माझ्याकडे वळून बसली आणि म्हणाली, "आणि तू. शेपूट असतं बसला, एवढंही कळू नये?"

तिथून जी सुरू झाली ती घर येईपर्यंत. आधी बस, मग स्कूटरच्या चार पायऱ्या, मग माझी शाळा, माझं हस्ताक्षर, सातवीत हरवलेली छत्री. मध्ये एकदा मी आरशात पाहिलं तर भावोजी मांडीवरची बस दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, आवाज न करता हसत होते. त्यांच्या छातीवर पिनेची दोन बारीक भोकं दिसत होती. मला नऊ वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि म्हणून मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गाडी घेतली.